परसबाग : खाडीकाठचा कॅमेलिया



नवी मुंबईतील करावे येथून एका भगिनींचे पत्र आले आहे. कुटुंब मसाल्याच्या व्यापारातले. घाऊक बाजार मुंबईतून वाशीला आला, तेव्हा इतर अनेकांप्रमाणे तेही खाडी ओलांडून इकडे स्थिरावले. त्यांच्या सूनबाई कालिंपोंगच्या. मागच्या हिवाळ्यात माहेरहून परतताना त्यांनी कॅमेलियाचे एक रोप कुंडीसह आणले. आले तेव्हा त्यावर अकरा कळ्या होत्या. त्यांतली एकही उमलली नाही. पुढे पानांच्या कडा करपल्या, काही पाने पिवळी पडली आणि आता पानांच्या पाठीवर पांढरी कीड दिसू लागली आहे. चिरंजीव म्हणतात, औषध फवारून टाकू. आजेसासूबाईंना घरात कीटकनाशक नको आहे. भगिनी लिहितात, "सूनबाई काही बोलत नाही, पण झाड आपल्या हातून गेले असे तिच्या मनाने घेतले आहे. ताई, नेमके काय चुकले आणि आता काय करायचे?"

या पत्रात तीन प्रश्न आहेत. झाडाला काय झाले, ते जगेल का, आणि जीव न मारता जगेल का. पहिले दोन बागकामाचे आहेत. तिसरा आपल्यापैकी प्रत्येक घराचा आहे, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर या एका झाडाला दिले आहे.

हे झाड मूळचे कोठले?

कॅमेलिया ही चीन, जपान, कोरिया आणि हिमालयाच्या पूर्वेकडील डोंगराळ भागांतली सदाहरित झुडपे. आज जगभर बागांत फुलासाठी लावली जाते ती प्रामुख्याने 'कॅमेलिया जॅपोनिका' ही जात. गर्द हिरवी, चकचकीत, जाडसर पाने आणि त्यांत पांढरी, गुलाबी वा लाल, पाकळ्यांच्या घड्यांची फुले. बहुतेक वाणांना सुगंध नसतो. फूल मात्र असे रेखीव की कोणी मेणात घडवले असावे. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने गेऑर्ग कामेल यांच्या स्मरणार्थ या कुळाला हे नाव दिले. कामेल हे ब्रनो या गावी १६६१ साली जन्मलेले धर्मोपदेशक. फिलिपाइन्समधील मनिला येथे औषधालय चालवून तेथील वनस्पतींचा त्यांनी अभ्यास केला आणि १७०६ साली तेथेच त्यांचे निधन झाले.

आपल्या व्यापारी घरांना या कुळाची ओळख वेगळ्या वाटेने आहे. आपण रोज पितो तो चहा म्हणजे 'कॅमेलिया सायनेन्सिस', याच झाडाची सख्खी बहीण. आसामातील चहाच्या पहिल्या पेट्या १८३८ साली लंडनला निघाल्या आणि जानेवारी १८३९ मध्ये तेथे त्यांचा लिलाव झाला. कालिंपोंग, दार्जिलिंग, निलगिरी, मुन्नार या चहाच्या मुलखांत कॅमेलिया सुखाने राहतो, त्याचे कारण या नात्यात आहे. दोघी बहिणींच्या गरजा बऱ्याच अंशी सारख्या : आम्लधर्मी माती, भरपूर ओलावा पण मुळाशी साचलेले पाणी मुळीच नाही, उंच झाडांची विरळ सावली, खाली कुजलेल्या पानांचा थर, आणि हिवाळ्यात गारवा.

शेवटची गरज सर्वांत महत्त्वाची आहे. कॅमेलियाची कळी उन्हाळ्यात धरते, पावसाळ्यात भरते आणि गारव्यात उमलते. कालिंपोंग सुमारे १२५० मीटर उंचीवर आहे. करावे खाडीच्या काठावर, समुद्रसपाटीलगत. नवी मुंबईत जानेवारीतली रात्रही १५ अंशांच्या खाली फार दिवस टिकत नाही, आणि दुपारी पारा तिशीपर्यंत जातो. म्हणजे झाडाची सर्वांत मोठी गरज आपल्या हवेत पुरी होतच नाही.

जर्मनीत ड्रेस्डेनजवळ पिल्निट्झ येथील राजवाड्याच्या बागेत १८०१ साली लावलेला एक कॅमेलिया आजही उभा आहे. उंची सुमारे ९ मीटर. तेथील थंडी त्याला सोसणारी नाही, म्हणून हिवाळा आला की रुळांवरून सरकणारे काचेचे घर त्याच्यावर आणून ठेवतात आणि उन्हाळ्यात बाजूला नेतात. तेथे झाडाला थंडीपासून वाचवावे लागते, येथे उष्म्यापासून. काचघर आपल्याला शक्य नाही. परंतु आपल्या जागी झाडाला काय कमी पडते हे ओळखून तेवढे पुरवणे, ही रीत आपणही उचलू शकतो.

कळ्या न उमलता का गळतात?

कॅमेलियाची सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार हीच, आणि तिची कारणे चार.

पहिले, अचानक बदललेली हवा. कळ्यांनी भरलेले झाड डोंगरावरून उष्ण शहरात आले, की ते प्रथम कळ्या टाकते. पाने आणि मुळे वाचवण्यासाठी झाडाने केलेली ही काटकसर आहे. धंदा अडचणीत आला तर आपणही आधी वरखर्च बंद करतो, तसेच हे.

दुसरे, मुळांशी एकदाही पूर्ण कोरडे पडणे. कळ्या असताना मातीचा गोळा दोन दिवस जरी वाळला तरी परिणाम लगेच दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी कळ्या तपकिरी होऊन पडू लागतात. तोवर पाणी देणे सुरळीत झालेले असते, त्यामुळे कारण ध्यानात येत नाही.

तिसरे, याच्या उलट : सतत चिखल राहून मुळे गुदमरणे.

चौथे, कळ्यांची गर्दी. एकाच टोकाला तीन-चार कळ्या असल्यास छोटे झाड सगळ्यांना पोसू शकत नाही. वाटाण्याएवढ्या असतानाच टोकाला एक कळी ठेवून बाकीच्या हलक्या हाताने पिळून काढाव्यात. फुलाची कळी गोल, फुगीर असते. पानाची कळी निमुळती, टोकदार. हा फरक पाहिल्याशिवाय हात लावू नये.

करावेच्या भगिनींच्या झाडाला पहिले कारण पूर्णपणे लागू आहे. अकरा कळ्यांचे झाड डोंगरावरून खाडीकाठी आणल्यावर त्या गळणे जवळजवळ ठरलेलेच होते. अनुभवी माळ्याच्या हातूनही त्या वाचल्या नसत्या. सूनबाईंना हे अवश्य वाचून दाखवावे. त्यांचा हात वाईट नाही. झाड आणण्याची वेळ आणि आपली हवा, एवढेच आड आले.

ज्यांना असे रोप पुढे आणायचे असेल त्यांनी कळ्या धरण्याआधीचे, लहान वयाचे रोप आणावे. बाजारात कळ्यांनी लगडलेले झाड डोळ्यांत भरते आणि किंमतही अधिक पडते. पण खाडीकाठी ते सर्वांत तोट्याचे.

पाने काय सांगतात?

पानांची भाषा थोडी समजली तर निम्मी औषधे लागणार नाहीत.

*पान पिवळे, शिरा मात्र हिरव्या.* झाडाला लोह मिळत नाही याची ही खूण. लोह मातीत असते. पण माती आम्लधर्मी नसेल तर मुळांना ते उचलता येत नाही. कॅमेलियाला मातीचा सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान लागतो. शहरातील कुंडीत तो नकळत वाढतो. कारणे घरातलीच असतात : रंगकामात पडलेला चुना, सिमेंटचा चुरा, कुंडीत टाकलेली राख, आणि शोभेसाठी वर पसरलेले संगमरवराचे पांढरे खडे. संगमरवर म्हणजे चुनखडकाचेच रूप. आम्लधर्मी मातीत तो हळूहळू विरघळतो आणि कॅमेलियाला जे नको तेच मातीत सोडतो. खडे आजच काढून टाकावेत. त्यानंतरही पाने सुधारली नाहीत तर रोपवाटिकेत मिळणारे चिलेटेड लोह वेष्टनावरील प्रमाणात द्यावे.

*आतल्या बाजूची जुनी पाने पिवळी होऊन पडतात.* नवी पालवी फुटताना हे स्वाभाविक आहे. सदाहरित झाडही जुनी पाने टाकतेच. काही करू नये.

*पानांच्या कडा आणि टोके करपतात.* मुळाशी क्षार साठल्याचे किंवा कोरड्या उष्ण वाऱ्याचे हे लक्षण. येथे पाण्याकडे पाहावे. महापालिकेकडून येणारे मोरबे धरणाचे पाणी या कामी योग्य आहे. पण खाडीलगतच्या विंधन विहिरीचे पाणी खारट असू शकते, आणि काही सोसायट्यांत टाकीत दोन्ही पाणी एकत्र होते. याहून घातक म्हणजे आरओ यंत्रातून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी. पाणी फुकट जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते झाडांना घालतात. हेतू चांगला असला तरी त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. लादी पुसायला ते वापरावे, कॅमेलियाला नको. आपल्या घरांत पिण्यासाठी उकळून ठेवलेल्या पाण्यापैकी जे उरते, ते पूर्ण गार झाल्यावर खुशाल घालावे.

*पानाच्या मध्यभागी तपकिरी डाग.* ही उन्हाची भाज. करावेत खाडी पश्चिमेला आहे. त्या बाजूच्या गॅलरीत दुपारचे ऊन, खारा वारा आणि तापलेली भिंत असे तिन्ही एकदम येतात. झाड पूर्वेच्या गॅलरीत हलवावे. सकाळी नऊपर्यंतचे कोवळे ऊन पुरे. नंतर उजेड हवा, ऊन नको. आणखी एक गोष्ट सहसा सुटते. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग गॅलरीत असेल तर तो दिवसरात्र गरम वारा फेकतो. त्याच्या समोर कोणतेही झाड ठेवू नये.

*पानावर काजळीसारखा काळा थर.* हा रोग पानाच्या आत गेलेला नसतो. मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण यांच्या अंगातून गोड चिकट द्रव पाझरतो, त्यावर ही बुरशी वाढते. ओल्या मऊ कापडाने पान पुसले की ती निघते. मात्र पुसण्याआधी पानाच्या पाठीवर जीव आहेत का, ते पाहून घ्यावे. मूळ कारण त्या किडीत असते.

मुळांचे दुखणे

माती ओली आहे आणि तरीही झाड मलूल दिसते, असे झाल्यास आणखी पाणी घालू नये. मुळे कुजू लागली असण्याची शक्यता अधिक. निरोगी मुळे पांढरट वा फिकट तपकिरी आणि घट्ट असतात. कुजलेली काळी, लिबलिबीत होतात आणि दुर्गंधी येते. आपल्याकडे जून ते सप्टेंबरच्या धुवांधार पावसात कुंडीतील कॅमेलिया बहुधा याच कारणाने जातो. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली, तिरप्या सरींच्या आवाक्याबाहेर ठेवावी.

कुंडीखालची ताटली हा आणखी एक धोका. तिच्यात साचलेले पाणी मुळे कुजवते आणि डासांची पैदासही करते. जीव उत्पन्न होऊ द्यायचे आणि मग ते मारायला औषध आणायचे, यापेक्षा ताटली रोज कोरडी करणे किती सोपे! जीवोत्पत्ती टाळणे ही आपल्या घरांतील जुनी शिकवण. पाणी गाळणे, पीठमसाल्याचे डबे वेळच्या वेळी पाहणे, हे आपण करतोच. बागेतही तोच नियम पाळायचा.

माती पुढीलप्रमाणे करावी : कोकणची लाल माती एक भाग, पालापाचोळ्याचे पूर्ण कुजलेले खत दोन भाग, धुतलेला कोकोपीट एक भाग, आणि भाताचे तूस वा झाडाच्या सालीचे बारीक तुकडे एक भाग. कोकोपीट धुणे विसरू नये. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात. कुंडी आधीच्यापेक्षा फक्त दोन इंच मोठी घ्यावी आणि तळाचे छिद्र मोकळे असावे. लावताना झाडाचा बुंधा आधी मातीच्या ज्या पातळीवर होता तेथेच राहावा. कॅमेलियाला खोल पुरलेले सोसत नाही.

पाणी ठरावीक वेळापत्रकाने देऊ नये. बोट एक इंच मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तर तळातून निथळेपर्यंत द्यावे, ओले लागले तर थांबावे.

खताची पिशवी उलटून वाचा

कॅमेलियासाठी सांगितल्या जाणाऱ्या खतांत हाडांचा चुरा, रक्ताची भुकटी, मासळीचे खत यांची नावे सर्रास येतात. रोपवाटिकांत 'सेंद्रिय मिश्रण' म्हणून मिळणाऱ्या पिशव्यांतही बोनमील असू शकते. पिशवीवर पुढे फुलाचे चित्र असते. घटक मागे, बारीक अक्षरांत. ते वाचल्याशिवाय खत घरात आणू नये. बागकामाच्या दृष्टीनेही येथे काही गमावत नाही, कारण हाडांच्या चुऱ्यात चुन्याचा अंश मोठा असतो आणि कॅमेलियाला तोच नको असतो.

त्याऐवजी उत्तम खत आपल्याच बाजारपेठेत आहे : सरकीची पेंड. अमेरिकेच्या दक्षिण भागात, जेथे कापूसही पिकतो आणि कॅमेलियाही, तेथील बागवान पिढ्यान् पिढ्या हेच खत वापरत आले आहेत. ते सावकाश लागू पडते आणि मातीचा आम्लधर्म राखते. बारा इंची कुंडीला एक लहान मूठ, वरच्या मातीत मिसळून, वर्षातून दोनदा पुरे. पेंड उघडी ठेवू नये. बुरशी आणि मुंग्या येतात. अधिक खत म्हणजे अधिक फुले, हा समज सोडावा. नत्र फार झाले तर पाने भरघोस वाढतात आणि फुले येत नाहीत.

उरलेला चहाचा चोथा घालावा का, असे अनेक जण विचारतात. दूध-साखरेचा चोथा मुळीच नको. साखरेने मुंग्या येतात आणि मुंग्यांबरोबर कीड. घालायचाच तर स्वच्छ धुऊन, वाळवून, चिमूटभर.

कीड आणि जयणा

आता तिसरा प्रश्न. पानाच्या पाठीवरील पांढरी कीड ही बहुधा खवले कीड असावी; चहाच्या झाडांवरही ती येते. लहानपणी ती थोडी सरकते, मग एका जागी चिकटून पानाचा रस शोषते. पानाच्या वरच्या बाजूस पिवळे ठिपके दिसतात.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. सेंद्रिय म्हणजे अहिंसक नव्हे. कडुनिंबाचे तेल, साबणाचे पाणी ही माणसाला कमी अपायकारक आहेत, एवढेच. किडीच्या दृष्टीने तीही प्राणघातकच. 'नैसर्गिक आहे, चालते' असे म्हणून स्वतःची समजूत घालू नये. शास्त्रकारांनी गृहस्थाच्या संदर्भात संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. कुंडीवरची फवारणी त्यांपैकी कशात मोडते आणि आपल्या व्रताला ती चालते का, हे घरातील वडीलधाऱ्यांनी आणि साधू-साध्वींनी सांगावे; बागेच्या सदराचा तो अधिकार नाही. बागेच्या बाजूने मी इतकेच सांगू शकते, की तो प्रश्न उभा राहण्याआधी करण्यासारखे पुष्कळ आहे.

१. नवे रोप घरात आले की तीन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवावे. कीड बहुतेक वेळा विकत घेतलेल्या वा भेट आलेल्या रोपाबरोबरच येते. रोज पानांच्या पाठी पाहाव्यात.

२. झाड दाटीत ठेवू नये. आतल्या बाजूच्या, एकमेकींवर घासणाऱ्या बारीक फांद्या फुले संपल्यावर काढाव्यात. वारा आणि उजेड खेळला की कीड सहसा ठरत नाही.

३. मुंग्यांची वाट बंद करावी. गोड द्रवासाठी मुंग्या किडीला राखतात. कुंडी भिंतीपासून आणि गॅलरीच्या जाळीपासून चार बोटे दूर ठेवावी आणि फांद्या कशाला टेकू देऊ नयेत. मुंग्या येईनाशा झाल्या की किडीचे राखणदार गेले. पुढचे काम मग निसर्गाचे.

४. कीड मोजक्या पानांवर असेल तर ती पाने कात्रीने देठासह कापून, अन्य कुंड्यांपासून दूर, सावलीत ठेवावीत. ही जयणा आहे. पण तोडलेल्या पानावर कीड फार काळ जगेल असे मी म्हणणार नाही. अंगावर जीव चालतो आहे हे ठाऊक असून डोळे मिटण्यापेक्षा, कमीत कमी हानीचा मार्ग उघड्या डोळ्यांनी निवडणे बरे.

५. झाडाला बळकट करावे. सावली, पाणी आणि माती नीट असलेल्या झाडावर आलेली थोडी कीड झाड सोसते. फुलाची शोभा थोडी उणावली तरी झाड मरत नाही. काही पानांवर दुसऱ्या जीवाचाही वाटा असू द्यावा.

करावेच्या झाडाचा क्रमही हाच ठेवावा. फवारणीचा वाद सध्या बाजूला ठेवा. आधी झाड पूर्वेच्या गॅलरीत न्या, पाणी बदला, कीड असलेली पाने काढा, भिंतीपासून सोडवा. महिनाभरात नवी पालवी स्वच्छ आली, तर घरातला वाद आपोआप मिटेल.

वर्षाचे गणित

कॅमेलियाचे वर्ष आपल्या पंचांगाशी चांगले जुळते. फुलांचा काळ सरला की फेब्रुवारी-मार्चमध्ये कुंडी बदलणे, छाटणी आणि खताची पहिली मूठ. एप्रिल-मेमध्ये सावली आणि पाणी, एवढेच. गावी जायचे असल्यास झाड विश्वासू शेजाऱ्यांकडे द्यावे, कारण याच काळात कळी धरते. जूनच्या आरंभी खताची दुसरी मूठ. त्यानंतर चातुर्मास बसला की कात्री आणि खुरपे दोन्ही बाजूला ठेवावे. पावसाळ्यात मातीत असंख्य जीव असतात, म्हणून आपण माती उकरत नाही. आणि याच महिन्यांत छाटणी केली तर पुढच्या हिवाळ्याच्या कळ्या कापल्या जातात. व्रत आणि झाड येथे एकच गोष्ट सांगतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर कळ्यांची गर्दी विरळ करावी, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री झाड गॅलरीत सर्वांत गार जागी ठेवावे.

ठेवावे की परत पाठवावे?

एवढे सगळे करूनही सत्य सांगितले पाहिजे. करावेत जॅपोनिका जातीचा कॅमेलिया जगू शकेल, हिरवागार राहू शकेल. पण कालिंपोंगसारखा फुलणार नाही. एखाद्या गार जानेवारीत दोन-चार फुले दिली तर ती भेट मानावी, हक्क नव्हे. ज्यांना खाडीकाठी कॅमेलियाच हवा आहे त्यांनी रोपवाटिकेत 'ससांक्वा' जात मागावी. ती ऊन आणि उष्मा अधिक सोसते. तिची फुले लहान, काहींना मंद सुवास, आणि त्यांच्या पाकळ्या सुट्या गळतात. जॅपोनिकाचे फूल मात्र अखंड खाली पडते.

ताई, आपल्या झाडासाठी माझी सूचना अशी. या वर्षी वर सांगितल्याप्रमाणे सांभाळा आणि चातुर्मास संपेपर्यंत वाट पाहा. पानांनी झाड भरले तर ते हिरवे झुडूप म्हणून आपल्याकडेच राहू द्या. ते खंगतच राहिले, तर सूनबाई पुढच्या वेळी माहेरी जातील तेव्हा झाडही बरोबर द्या. तेथील माती-हवेत ते सावरण्याची शक्यता पुष्कळ आहे. झाडाला ते जगेल तेथे नेणे हीसुद्धा त्याची काळजीच आहे. जिद्दीने येथे ठेवून दर महिन्याला औषध बदलत राहण्यात ना झाडाचे भले, ना घराचे.

आणि ती कुंडी रिकामी राहू देऊ नका. त्याच मातीत अनंत लावा. त्यालाही आम्लधर्मी माती, निथळणारे पाणी आणि चुन्यापासून दूर जागा लागते; त्याचीही पाने तशीच चकचकीत, फूल तसेच पांढरे, घड्याघड्यांचे. कॅमेलियासाठी सूनबाई जे शिकल्या, त्यातले काहीच वाया जाणार नाही. फरक एवढाच की अनंताला आपला दमट उष्मा मानवतो, आणि सुगंध जिन्यापर्यंत जातो. पूजेला फूल वाहणारी घरे आपल्या समाजात आहेत, न वाहणारीही आहेत. दोन्ही घरांत तो झाडावर शोभतो.

पुढील अंकात अनंताविषयीच सविस्तर : कळी काळी का पडते, पावसाळ्यात पाने का गळतात, आणि कलम केव्हा करावे. आपले अनुभव आणि प्रश्न अवश्य कळवावेत. पत्रात झाड कोणत्या दिशेच्या गॅलरीत आहे आणि पाणी कोठले घालता, या दोन गोष्टी तेवढ्या लिहायला विसरू नयेत.